गाफच्या झाडाचा पत्ता

आंतोन, उद्या संध्याकाळपर्यंत मला महाडिकांना उत्तर द्यायचं आहे. तू असतास तर "मी शिफ्टवर आहे, तूच बघ" म्हणून सुटला असतास. आता तर कायमचाच सुटलास आणि हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवून गेलास. माझा तुझ्यावरचा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. बाकीचं नंतर.

तुला ठाऊक नाही म्हणून पहिल्यापासून सांगते. तुला वसईला, आपल्या गावच्या सिमेटरीत ठेवून आम्ही मायलेकी अजमानला परत आलो. इथल्या चर्चमध्ये तुझी महिन्याची मिस्सा झाली. मिस्सा संपल्यावर आवारात इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी महाडिक भेटले. आपली कॅथलिकांची गर्दी, त्यात हा एकटा चंदनाचा टिळा लावून उभा. म्हणाले, "वहिनी, आता रडायचं नाही. आपण आंतोनच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं. हॉलचं मी बघतो." माणूस बोलला तसा वागला. हॉल झाला, प्रिंट झाल्या, फ्रेमवालाही त्यांनीच गाठला. फोटो मी आणि आपल्या रेशलने निवडले. निवडताना तीनदा भांडलो, म्हणजे तू घरात असल्यासारखंच वाटलं.

आज रात्रीच्या जेवणाआधी त्यांचा फोन आला. "वहिनी, एक आयडिया आहे. प्रत्येक फोटोखाली क्यूआर कोड टाकू. लोकांनी स्कॅन केलं की लोकेशन हातात. सिम्पल. आणि ते धुक्यातलं गाफचं झाड आहे ना, त्याची मॅपवर पिनच टाकू. नाव द्यायचं, आंतोन पॉइंट. इन्शाल्ला जग येऊन बघेल. तुम्ही फक्त जागा सांगा."

खोटं कशाला बोलू? माझा ऊर भरून आला. या देशात आपलं काय राहतं? तुला चांगलं ठाऊक आहे, एकदा व्हिसा रद्द झाला की खलास. घर भाड्याचं, नोकरी दुसऱ्याची, गॅलरीतला कढीपत्तासुद्धा शेजारणीला देऊन जायचं. आणि इथे कोणीतरी म्हणतंय, तुमच्या नवऱ्याचं नाव नकाशावर घालतो. वसईच्या एका बाईच्या नवऱ्याचं नाव, अरबांच्या वाळवंटात. मी "उद्या सांगते" म्हणून फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले.

आता पंचाईत अशी की धुक्यातलं ते झाड नेमकं कुठलं आणि तिथे जायचं कसं, हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यातला एक गेला. उरले मी, कारण गाडी मी चालवायची.

हे लोकांना सांगितलं की हसतात. एवढा लँडस्केप फोटोग्राफर, आणि त्याला लायसन्स नाही. रोड टेस्टला तू इतक्यांदा नापास झालास की ड्रायव्हिंग स्कूलचा चहावाला तुला नावाने हाक मारायचा. शेवटच्या टेस्टला पोलिसाने उजवीकडे वळ म्हटलं आणि तू सरळ निघालास, कारण समोर धुळीची भिंत उठत होती आणि तिच्यामागून ऊन येत होतं. घरी येऊन मला त्या उजेडाचंच वर्णन. नापास झाल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. मग म्हणालास, "फिलो, आता तूच चालव, मी रस्ता बघतो." रस्ता म्हणे. तू आकाश बघायचास आणि मला म्हणायचास डावीकडे घे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पण मी शिकले. अजमान ते जबल अली रोजचा ट्रॅफिक काढणारी बाई मी, वाळूला काय घाबरते? वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करायची, चढावर पाय उचलायचा नाही, उतारावर ब्रेक दाबायचा नाही. एकदा रुतलो तेव्हा तू ट्रायपॉडच्या पायाने वाळू उकरत होतास आणि मी तुला अख्ख्या वसईला ऐकू जाईल अशा शिव्या घालत होते. पुढच्या टेकाडावर एक उंट थांबून आपल्याकडे बघत होता. तू उकरणं सोडून त्याचा फोटो काढलास. खरं सांगते, त्या दिवशी तुला तिथेच ठेवून येणार होते.

आणि तो एसी. ऑगस्टमध्ये, देवबापा, ऑगस्टमध्ये, पोहोचायच्या अर्धा तास आधी तू एसी बंद करायला लावायचास. गार गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, पुसली की परत धरते, आणि तोवर उजेड निघून जातो. हे मला पटलं होतं. पण कॅमेऱ्याला गरम करायला बायको उकडायची, हा कुठला न्याय? तू रुमालाने माझं कपाळ पुसायचास आणि म्हणायचास, "आलंच, फिलो." यायचं काही नाही. मग उतरल्यावर गाडी लांब लावायची, चाकांच्या रेघा फ्रेममध्ये यायला नकोत. चालायचं तेही टेकाडाच्या मागून वळसा घालून, पावलं उमटायला नकोत. समोर दहा पावलांवर असलेल्या जागी आपण पाव तासाने पोहोचायचो. मी विचारलं होतं, "वाळू वाऱ्याने परत सारखी होते ना? मग?" तू म्हणालास, "होते. पण आज मला ती कुणी न शिवलेली हवी आहे."

रोज हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर उभं राहून दिवसभर गुड मॉर्निंग सर, गुड इव्हनिंग मॅडम. तोंड हसून हसून दुखायचं तुझं. म्हणून तुझ्या फोटोत माणूस नसायचा. तू तसं बोलला नाहीस, पण मला कळायचं. आठवडाभर माणसंच बघणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी कोणी नको होतं. मी मात्र तुला चालायचे, कारण मी चाकामागे असायचे.

तुझ्या आईला मात्र ते कधी पटलं नाही. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची, मिस्साही शुक्रवारची. फोनवर पहिला प्रश्न, "मिस्साला गेला होतात का?" दुसरा, "मग कुठे गेला होतात? रेतीचे फोटो काढायला? आपल्या अर्नाळ्याला काय रेती कमी आहे?" तू हसायचास. मी फोन घेऊन सांगायचे, "आई, त्याची रेती वेगळी आहे, लाल आहे." त्या म्हणायच्या, "मग आणा थोडी." पुढच्या सुट्टीला तू खरंच बाटलीत भरून नेलीस. ती बाटली त्यांनी घरातल्या देवाच्या आल्तारजवळ ठेवली आणि शेजाऱ्यांना सांगितलं, माझ्या मुलाने पाठवलेली माती. कौतुक करायची एकेकाची रीत असते.

तुझी एक गोष्ट मी कुणालाही अभिमानाने सांगते. तू कधी खोटा रंग घातला नाहीस. उन्हाळ्यात इथलं आकाश पांढरं, धुरकट, त्यात सूर्य म्हणजे घासलेलं जुनं नाणं. मी म्हणायचे, "कॉम्प्युटरवर जरा निळं कर की. सगळे करतात." तू म्हणायचास, "हाच इथला उन्हाळा आहे. आपण यातच राहतो. निळं कुठून आणू?" सूर्यास्ताच्या केशरी फोटोंना तू कॅलेंडर म्हणायचास. सूर्य बुडाला, लोक गाड्या काढून निघाले, की तू कामाला लागायचास. तेव्हा वाळूचे खरे रंग येतात म्हणायचास, उन्हात ते मरतात. मी आधी मान डोलवायचे. मग एकदा जबल अलीहून घरी येताना ट्रॅफिकमध्ये अडकले, सूर्य गेला होता, आणि रस्त्याकडेच्या रिकाम्या प्लॉटवरची वाळू जांभळी झालेली मला दिसली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवेपर्यंत मी बघत होते. घरी येऊन तुला सांगितलं नाही, तू लगेच शेफारला असतास.

आता त्या झाडाकडे येते. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. अल ऐनच्याही पलीकडे, टेकाडांच्या मधल्या खळग्यात, एकट्या गाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, झाडाभोवती वाळूवर हिरवळीची साय धरली होती. बोटाएवढी रोपं, त्यांना मोहरीएवढी फुलं. तू पोटावर झोपून फोटो काढलेस. घरी येताच मंडळाच्या ग्रुपवर टाकलेस, आणि आनंदाच्या भरात खाली लोकेशनही टाकलंस.

पुढच्याच सुट्टीला आपण परत गेलो, फुलं अजून आहेत का बघायला. लांबूनच कोळशाचा वास आला. मग गाणी ऐकू आली. मग दिसलं आपलं सगळं मंडळ, सतरंज्या घालून, त्या साईवर. मुलं क्रिकेट खेळत होती. गाफच्या खालच्या फांदीला नायलॉनची दोरी बांधून झोपाळा केला होता आणि पोरींची रांग लागली होती. महाडिक हात हलवत आले, "अरे आंतोन, ये, ये, तुझ्याच जागेवर आलोय. पोहे खा." आणि आपण बसतोय तोच कडकन आवाज झाला. फांदी गेली. पोरगी वाळूत पडली, तिला लागलं नाही, सगळे हसले.

चूक कुणाची म्हणू? आपल्या माणसांना झाड दिसलं की झोपाळा सुचतो. त्यात वाईट काय? आठवडाभर आठव्या मजल्यावर कोंडलेली मुलं ती. आणि बोलावलं तूच होतंस. तू पोहे खाल्लेस, "छान झालेत" म्हणालास, दुसऱ्यांदा घेतलेस. सगळे गेल्यावर आपण दोघांनी प्लेटा आणि कोळसे गोळा केले. तू त्या तुटक्या फांदीच्या जागेवर तळहात ठेवून उभा राहिलास, रेशल तापाने फणफणली की तिच्या कपाळावर ठेवायचास तसा. येताना, शारजा यायच्या आत, तू ग्रुपवरचं लोकेशन पुसून टाकलंस.

त्या दिवसापासून तू कुणालाच जागा सांगितली नाहीस.

मग ते धुकं. त्यासाठी आपण किती हिवाळे घातले ते तू मोजले नाहीस, मीही मोजत नाही. कधी धुकं नसायचं, कधी इतकं असायचं की मला गाडीचं बॉनेट दिसायचं नाही. पुढे पुढे मला न बघता कळायला लागलं. संध्याकाळी अजमानच्या गॅलरीचा कठडा ओला लागला आणि वारा पडलेला असला की मी थर्मास धुवून ठेवायचे. त्या पहाटेही तसंच निघालो. मी गाडीत चहा घेऊन बसलेली, तू लांब ट्रायपॉडशी. काही दिसत नव्हतं. मग धुकं खाली बसायला लागलं, दुधावरचा फेस बसतो तसं. आधी झाडाचा माथा आला, मग ती तुटकी बाजू, मग खोड. खालची टेकाडं बुडालेलीच. तू एकदाच बटण दाबलंस आणि सामान आवरलंस.

"एवढंच? एकच?" मी विचारलं.

"दुसरा कशाला?" तू म्हणालास.

तुटकी फांदी तू फोटोत तशीच ठेवलीस. ती पुसायला कॉम्प्युटरवर दोन मिनिटं लागली असती. तरी हे त्या पोह्यांच्या दिवशीचंच झाड, हे मंडळात कुणी ओळखलं नाही.

तो फोटो तुझ्या जनरल मॅनेजरने फ्रंट डेस्कच्या मागे भिंतभर लावला. आणि तू रोज त्याच्याकडे पाठ करून, कोटावर नावाची पट्टी लावून, लोकांना खोल्यांच्या चाव्या देत होतास. कुणी विचारलं हे कुठे आहे, तर म्हणायचास, "इन द एमिरेट्स, सर." कोणी काढला ते कुणी विचारायचं नाही आणि तू सांगायचा नाहीस. एकदा मी तुला न्यायला आले होते. दोघं म्हातारे जर्मन नवरा-बायको त्या फोटोसमोर खिळून उभे. बाईच्या डोळ्यांत पाणी. मला राहवेना. जबल अलीची धूळ केसांत, पायात ऑफिसच्या चपला, तशीच गेले आणि म्हटलं, "धिस मॅन टूक इट. माय हजबंड. आय ड्रोव्ह द कार." त्या बाईने डेस्कपलीकडून तुझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. तुझे कान लाल झालेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले, लग्नातसुद्धा झाले नव्हते. गाडीत बसल्यावर तू मला झापलंस, "लाज नाही का तुला?" नव्हती. आजही नाही. त्या लॉबीत माझ्याइतकी श्रीमंत बाई दुसरी कोणी नव्हती.

पण जागा लपवण्यावरून मी तुझ्याशी कायम भांडले, आणि ते भांडण अर्धवटच राहिलं. मी म्हणायचे, "झाड काय तुझ्या बापाच्या वाडीतलं आहे?" तू म्हणायचास, "नाही ना, म्हणूनच." याच्यापुढे आपलं घोडं कधी गेलं नाही.

मंडळाच्या गणपतीत त्या फोटोची प्रिंट लावली होती. तिथे शांताराम भेटला, गुहागरकडचा, जबल अलीला साइटवर परांची बांधायचा. फोटोसमोरून हलेना. म्हणाला, "साहेब, हे हितलंच? मी इतकी वर्षं हितं हाय, मला कंपनीची बस नि भिंत, एवढंच दिसलं." तू म्हणालास, "हो, इथलंच," आणि पुढे सरकलास. माझं डोकं फिरलं. आरतीच्या रांगेत, सगळ्यांसमोर म्हटलं, "पत्ता सांगायचा नसेल तर नको सांगूस. पण मग ने त्याला. हा माणूस कोणत्या गाडीने जाणार आहे?" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "गाडी तुझी आहे."

नेलं आपण त्याला. इस्त्रीचा शर्ट घालून कामगारांच्या कॅम्पच्या गेटवर उभा होता. हातात केळ्यांचा घड. त्या दिवशी उजेड असा आला होता की मलाही कळलं, हा पुन्हा येणार नाही. एक ढग, त्याच्याखालून तिरपं ऊन, आणि फक्त झाड पेटलेलं. तू कॅमेरा लावलास. शांतारामने बूट काढले, वाळूत बसला, मग आडवा झाला, नेमका तुझ्या फ्रेमच्या मधोमध, आणि दोन मिनिटांत घोरायला लागला.

मी म्हटलं, "उठवू?"

तू म्हणालास, "नको. त्याच्या खोलीत किती जण झोपत असतील कोण जाणे. झोपू दे."

उजेड आला आणि गेला. तू ट्रायपॉड मिटून माझ्याजवळ येऊन बसलास. आपण केळी खाल्ली. शांताराम जागा झाला तो ओशाळलेला, "साहेब, झाला का फोटो?" तू म्हणालास, "झाला की. झकास झाला." आणि त्याला परत सोडताना तू त्याच्याशी गुहागरच्या समुद्राबद्दल बोलत राहिलास. भिंतीवर लावलेल्या सगळ्या फोटोंपेक्षा मला तो न काढलेला फोटो मोठा वाटतो, आंतोन. तेव्हा तुझ्यासारख्या माणसाची बायको असल्याचा मला जो माज चढला, तो अजून उतरलेला नाही. पुढे शांतारामचा व्हिसा संपला, तो गावी गेला. तुझ्या शिफ्ट, माझा ट्रॅफिक, आपण पुन्हा कुणाला नेलं नाही.

आता उद्याचं काय करू ते सांग. रेशलला विचारलं. तुझी लेक, मराठीत प्रश्न, इंग्रजीत उत्तर. म्हणाली, "ममा, डॅडा वुड हेट इट." थोड्या वेळाने आपल्या खोलीतून परत बाहेर आली, दारातच उभी राहिली. "बट आय वॉन्ट इट. आय वॉन्ट हिज नेम समव्हेअर." आता बोल. तू नको म्हणशील, लेक हवं म्हणते, आणि मी? मलाही हवं आहे. नकाशा उघडावा आणि तुझं नाव दिसावं. मी इथून गेले तरी ते असावं.

काल तुझ्याशी बोलता बोलता इथेच थांबले होते. आज पहाटे उठून रेशलला उठवलं आणि गाडी काढली. म्हटलं, जागेवर जाऊनच ठरवू.

रेशल वाटेत झोपली. मी गाडी लांब लावली, तिने विचारलं, "व्हाय सो फार?" मी नुसती वळसा घालून चालायला लागले, तीही माझ्यामागून. धुकं नव्हतं. ढग नव्हते. ऊन वर आलेलं, वाळू पांढरट पडलेली. झाड उभं होतं, तुटक्या जागी बारीक फूट आली होती, खालचा पाला उंटांनी खाल्लेला. मी तुला शोधायला गेले होते, हे तुला कबूल करते. तू काही तिथे नव्हतास. एक झाड होतं.

रेशलने चारी बाजूंनी बघितलं. मग हळूच, माझं मन न दुखवता म्हणाली, "इज दिस इट?"

मला चाबूक बसल्यासारखं झालं. ती खोटं बोलली नव्हती. आलं, बघितलं, तर हे एवढंच आहे. आणि मला दिसलं, उद्या पिन टाकली की येणारा प्रत्येक जण इथे उभा राहणार, फोन आकाशात धरणार आणि म्हणणार, एवढंच? हाच का तो आंतोन पॉइंट? तुझ्या नावाच्या पाटीखाली उभं राहून म्हणणार. तुझं नाव नकाशावर नाही, हे मी सोसेन. पण तुझ्या नावासमोर कोणी नाक मुरडलेलं मला सोसणार नाही. पिन सांगेल कुठे ते. तिथे बसायचं कसं, हे कोण सांगणार? तू ज्याचा फोटो काढलास ती जागा नव्हतीच रे, तो तुझा धीर होता. एवढी वर्षं तुझ्याशी भांडले आणि हे तू गेल्यावर कळलं, यात मोठेपणा तुझाच, जा.

रेशलला म्हटलं, "बस."

"फॉर व्हॉट?"

"बस ना. फोन पर्समध्ये ठेव."

बसलो. पाठीला पाठ लावून. ती कंटाळली, मग वाळूत बोटं फिरवत बसली. मग वारा सुटला. टेकाडाच्या धारेवरून वाळूचे कण पळायला लागले, उन्हात चमकत, आणि बघता बघता ती धार आमच्या डोळ्यांदेखत थोडी पुढे सरकली. रेशल माझा हात धरून म्हणाली, "ममा, इट्स मूव्हिंग. द होल थिंग इज मूव्हिंग." आणि तुझी लेक रडली, आंतोन. सिमेटरीत रडली नव्हती ती. मी तिला रडू दिलं. निघताना तीच म्हणाली, "नो पिन, ओके?" मी म्हटलं, ओके.

घरी येऊन महाडिकांना फोन लावला.

"महाडिक, पिन नको, क्यूआर नको. फोटोखाली फक्त आंतोनचं नाव."

"अहो वहिनी, लोक विचारणार, कुठे आहे, कसं जायचं."

"विचारू देत. विचारलं की माझ्याकडे पाठवा. मी घेऊन जाईन."

"तुम्ही? सगळ्यांना?"

"गाडीत मावतील तेवढे. दर शनिवारी. पण बसावं लागेल, दहा मिनिटांत सेल्फी काढून यल्ला, चला म्हणणाऱ्यांनी येऊ नये."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे, वहिनी. पण मग आंतोनचं नाव कुठे राहणार?"

मी म्हटलं, "अजमानपासून तिथवर जो माझ्या गाडीत बसेल, त्याला दुसरं काही ऐकायला मिळेल असं वाटतं का तुम्हाला?"

महाडिक हसले. मग हसायचे थांबले, आणि मला त्यांचं नाक ओढणं ऐकू आलं. म्हणाले, "वहिनी, येत्या शनिवारी एक जागा आहे?"

रेशल तर मागेच बसते, लहानपणापासून. मी म्हटलं, "आहे. पुढे, माझ्या शेजारी."

तुझी सीट दिली मी, आंतोन. देताना जीव तुटला, पण दिली.